कुंडीतले प्रश्न : ऑर्किड, मॉस आणि आंब्याची पेटी

दिवाळीनंतर यंदा पत्रांत एकच विषय आहे, ऑर्किड. हल्ली कंपन्या सुक्यामेव्याच्या डब्याऐवजी फुललेली कुंडी पाठवतात. सुकामेवा आठवड्यात संपतो, कुंडी उरते आणि मग मला पत्र येतं. एकाच धाटणीची पत्रं एकत्र केली आहेत, तेव्हा आपलं छापलं नाही म्हणून कुणी रुसू नये. एक गोष्ट आधीच सांगते. हे झाड 'इनडोअर प्लांट' म्हणून विकतात, ते मला मुळीच पटत नाही. ऑर्किड घरातलं झाड नाही, खिडकीतलं आहे. खालच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर एवढंच आहे.

काकू, ह्यांच्या ऑफिसातून दिवाळीला पांढरं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड मिळालं. चिनी मातीच्या छान कुंडीत आहे, हॉलमध्ये टीपॉयवर ठेवलंय. रोज सकाळी न चुकता अर्धा कप पाणी घालते. तरी फुलांनी माना टाकल्या आणि पानं सुरकुतली. पाणी कमी पडतंय का? आमच्याकडे टँकरचं पाणी असतं.
— एक वाचक, बाणेर

अहो, पाणी कमी नाही, फार झालंय. पण पानं तहानलेली दिसतात हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मुळं कुजली की कुंडीत कितीही पाणी असलं तरी वर चढत नाही. मग पानं सुरकुततात, आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळंही जातात.

आज एक काम करा. ओट्यावर वर्तमानपत्र पसरा आणि झाड कुंडीतून बाहेर काढा. चिनी मातीच्या कुंडीच्या तळाला भोक नसणार. तिच्या आत पातळ प्लॅस्टिकची कुंडी असेल आणि दोन्हींच्या मध्ये तळाशी पाणी साचलेलं दिसेल. आतली कुंडी काढली की मुळांभोवती मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, घट्ट ठासून भरलेलं असतं. परदेशातून प्रवास करून येणाऱ्या रोपांसाठी ते सोयीचं, पण आपल्या हॉलमध्ये ते वरून कोरडं लागतं आणि गाभ्यात आठवडा आठवडा ओलं राहतं. बोटानं गाभा उकलून बघा, वास येईल.

मॉस कोमट पाण्यात भिजवून हलक्या हातानं सगळं काढा आणि एकेक मूळ दाबून बघा. निरोगी मूळ गवारीच्या शेंगेसारखं टणक लागतं. कुजलेलं दाबलं की पाणी सुटतं, वरची साल सरकून येते आणि हातात नुसता दोरा उरतो. ती सगळी मुळं कापून टाका. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर धरा किंवा स्पिरिटनं पुसा, कारण ऑर्किडचे विषाणूजन्य रोग कात्रीवरूनच एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. फुलांची दांडीही बुडापासून कापा. जीव कळवळेल, पण मुळं नसलेल्या झाडानं फुलं पोसत बसू नये. फुलं पाण्यात ठेवा, बरेच दिवस टिकतील. कापलेल्या जागी चिमूटभर दालचिनीची पूड लावतात, त्यानं बुरशी धरत नाही. मात्र ती दांडीच्या कापावरच लावा. मुळांना चोळाल तर चांगली मुळंही सुकतील.

आता नवी कुंडी. पारदर्शक प्लॅस्टिकची घ्या. फॅलेनॉप्सिसची मुळं हिरवी असतात, उजेडात तीही अन्न तयार करतात, आणि आत काय चाललंय ते आपल्यालाही दिसतं. जेवण पार्सल येतं तो उभा डबाही चालेल, तापवलेल्या सळईनं तळाला आणि बाजूंना भोकं पाडा. आकार मुळं जेमतेम मावतील एवढाच. मोठी कुंडी म्हणजे जास्त ओल, आणि आत्ताच त्या ओलीतून सुटका केलीय. भरायला पाइनची साल, लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे मिळतो, मी तिथूनच आणते. सोडण मात्र दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, त्यात मीठ आणि तांबडा कस असतो. माती अजिबात नको, शेणखत नको, गांडूळखतही नको. हे झाड जंगलात दुसऱ्या झाडाच्या फांदीवर, उघड्या हवेत मुळं सोडून जगतं. मातीत पुरलं की ती गुदमरतात.

पाणी घालायची खूण कॅलेंडरवर नाही, मुळांवर आहे. मुळांवर पाणी शोषणाऱ्या मेलेल्या पेशींचा जाड थर असतो. तो कोरडा असला की चंदेरी-पांढरा दिसतो, भिजला की पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दिसतो. बघता बघता, मिनिटभरात रंग बदलतो. मुळं चंदेरी झाली की पाणी, हिरवी आहेत तोवर हात आवरा. पुण्यात हा हिशेब थंडीत साधारण आठवड्यानं, पावसाळ्यात त्याहून उशिरा आणि एप्रिलच्या कोरड्या झळांत दोन-तीन दिवसांनी येतो. पाणी सकाळी घाला, कुंडी नळाखाली धरून भरपूर वाहू द्या आणि पूर्ण निथळल्याशिवाय जागेवर ठेवू नका. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी राहिलं तर कापसानं टिपून घ्या. तिथं रात्रभर पाणी राहिलं की शेंडा कुजतो, आणि फॅलेनॉप्सिसला एकच शेंडा असतो.

टँकरचं पाणी बहुधा बोअरचं असतं, त्यात क्षार फार. सालीवर पांढरा थर आणि मुळांची टोकं काळी दिसली तर समजा पाण्यानं घात केला. खडकवासल्याचं नळाचं पाणी त्यामानानं हलकं. तुम्ही आरओचं प्यायचं पाणी वापरा. हो, प्यायचं. आरओमधून बाहेर पडणारं 'वाया' पाणी बादलीत साठवून झाडांना घालायची सवय हल्ली घरोघरी आहे. भावना चांगली, पण त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. त्यानं फरशी पुसा. पावसाचं पाणी मिळालं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

नव्या मुळाचं हिरवं टोक दिसेपर्यंत खत देऊ नका. काही महिने जातील.

तीन वर्षांपूर्वी मुलीनं ऑर्किड दिलं. पानं काळीभोर हिरवी, चकचकीत, दर वर्षी एक-दोन नवी येतात. परंतु फूल नाही. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवले आहे, तिथे ट्यूबलाइट संध्याकाळी पाच तास असतो. खत नियमित. आपले मार्गदर्शन व्हावे.
— एक निवृत्त वाचक, एरंडवणे

आजोबा, ज्या काळ्याभोर पानांचं तुम्ही कौतुक करताय, तीच तक्रार सांगताहेत. फॅलेनॉप्सिसचं पान पोपटी-हिरवं असावं. गर्द हिरवं म्हणजे उजेड कमी, पिवळट किंवा कडेनं तांबूस म्हणजे उजेड जास्त. ट्यूबलाइटच्या पाच तासांत तुमचं वर्तमानपत्र वाचून होईल, झाडाचं पोट भरणार नाही.

पूर्वेची खिडकी असेल तर तिच्यात ठेवा, काचेपासून हातभर अंतरावर. दक्षिणेची किंवा पश्चिमेची असेल तर मध्ये पातळ पडदा. उजेड पुरेसा आहे का हे बघायचं तर सकाळी दहाच्या सुमारास पानाच्या वर फूटभर हात धरा. सावलीच्या कडा पुसट दिसल्या तर जागा योग्य, ठसठशीत दिसल्या तर ऊन जास्त, सावलीच नसेल तर तुमचा टीव्हीचा कोपरा.

दुसरी अडचण उबेची. फॅलेनॉप्सिसला फुलांची दांडी काढायला गारवा लागतो. दिवसा 25 अंशांच्या आसपास आणि रात्री 16 ते 20, असे चार-सहा आठवडे सलग मिळाले की दांडी सुटते. सतत 28 च्या वर राहिलं तर झाड नुसती पानं काढत बसतं. आणि इथं पुणेकरांचं नशीब थोर. मुंबईची बहीण माझ्याकडे बघून जळते, कारण तिला दादरमध्ये हा गारवा मिळत नाही. आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबर तो फुकट वाटतात. फक्त आपण संध्याकाळी सहाला डास येतात म्हणून खिडक्या लावून घेतो आणि झाड हॉलच्या मध्यभागी, चार माणसांच्या उबेत. जाळी लावा, काच उघडी ठेवा, झाड रात्रभर खिडकीशी राहू द्या. शिवाजीनगरचा पारा 10 च्या खाली गेल्याची बातमी आली की तेवढ्या रात्री आत घ्या, त्याहून जास्त लाड नकोत.

दांडी आणि मूळ सुरुवातीला सारखीच दिसतात. मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, दांडीचं टोक चपटं, एका बाजूला खाच असलेलं. डिसेंबरात दांडी दिसली तर होळी-पाडव्याच्या सुमारास फुलं येतील. कळ्या धरल्यावर कुंडी फिरवू नका. कळ्या उजेडाकडे तोंड करतात, कुंडी फिरवली की फुलं वेडीवाकडी बसतात.

खत नियमित म्हणता, ते किती? 19:19:19 (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) घेतलं असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही आधी साधं पाणी घालून मुळं ओली झाल्यावर. आणि तीन वर्षांत कुंडी बदलली नसेल तर फुलं येऊन गेल्यावर बदला. साल दोन वर्षांत कुजून चुरा होते.

गेल्या मे महिन्यात माझ्या ऑर्किडला नऊ फुलं आणि चार कळ्या होत्या. एका रात्रीत कळ्या पिवळ्या पडून गळल्या, फुलंही दोन दिवसांत मिटली. जागा तीच, पाणी तेच. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली.
— एक वाचक, सहकारनगर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, त्या दिवसांत घरात आंब्याची पेटी आली होती का?

पिकणारा आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो. आपण आंब्याची अढी घालतो तेव्हा तोच वायू कोंडून एक आंबा दुसऱ्याला पिकवतो. फॅलेनॉप्सिसचं फूल या वायूला भलतंच हळवं आहे. दहा लाख भाग हवेत एका भागाहून कमी असला तरी त्याला वाटतं आपलं काम संपलं, आणि ते मिटतं. मे महिन्यात ऊन आत येऊ नये म्हणून दुपारभर खिडक्या बंद, खाटेखाली दोन पेट्या आणि त्याच खोलीत ऑर्किड, मग दृष्ट कशाला लागायला हवी? पिकलेली केळी आणि सफरचंदंही हेच करतात, म्हणून डायनिंग टेबलावर फळांच्या टोपलीशेजारी ऑर्किड मांडू नका, फोटोत कितीही शोभलं तरी. धुरातही इथिलीन असतं, तेव्हा बंद देवघरात उदबत्तीपाशीही नको. देवाला फूल तोडून वाहा, कुंडी बाहेर राहू द्या.

आंबा नव्हता असं निघालं तर दोन शक्यता उरतात. एक, एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट कळ्यांवर येतोय. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की कळीतलं पाणीच उडतं. पसरट परातीत खडी भरून तिच्यात पाणी ठेवा आणि कुंडी खडीवर, पाण्याला न टेकता बसवा. माझ्याकडे यासाठी जुनी ॲल्युमिनियमची परात आहे, डाळ-तांदूळ निवडायच्या कामातून ती निवृत्त झाली. दोन, घरात लहान मूल आहे. फुलाच्या मधोमध एक टोपी असते, तिच्याखाली परागाचे पिवळे गोळे. पोरांना ते बोटानं काढायला फार आवडतं. गोळा निघाला की फूल एक-दोन दिवसांत मिटतं, फक्त तेवढंच. तुमची सगळी एकदम गेली, म्हणून माझा संशय पेटीवरच आहे.

काकू, मी कर्वे रोडला रूम घेऊन राहतो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातून जांभळं डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड आणलं होतं. फुलं मस्त टिकली. आता जुन्या कांड्यांची सगळी पानं गळून काड्या उरल्यात. रूममेट म्हणतो कापून टाक. कापू का?
— एक विद्यार्थी

रूममेटला कात्रीपासून लांब ठेव. डेंड्रोबियमची कांडी म्हणजे त्याचा साठा, पाणी आणि अन्न त्यातच असतं. पान नसलेली कांडी वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा फुलतेसुद्धा, आणि तोवर नव्या कोंबाला पोसते. पूर्ण पिवळी, पोकळ आणि चिरगुटलेली झाली तरच काप. कांडीच्या डोळ्यावर मुळं फुटलेलं पिल्लू आलं तर बोटभर मुळं होईपर्यंत थांब, मग वेगळं लाव. एक रूममेटला दे म्हणजे तो गप्प बसेल.

तुझी जात कुठली ते फुलांवरून कळेल. कांडीच्या टोकाला लांब तुरा आला होता ना? मग ते थाई बाजारात कापून विकतात त्या प्रकारचं डेंड्रोबियम. त्याला थंडीत पाणी कमी कर, पण पूर्ण तोडू नकोस. फुलं कांडीच्या पेरापेरांतून आली असती तर ते नोबिल. त्याला थंडीभर जवळजवळ कोरडं आणि गार ठेवावं लागतं, नाहीतर फुलांऐवजी पिल्लंच देतं.

फॅलेनॉप्सिसचे नियम याला लावू नकोस. याला सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन थेट हवं. रूमला गॅलरी असेल तर ग्रिलला टांग. पश्चिमेची असेल तर मार्च ते मे हिरवी जाळी बांध. कुंडी चार इंची पुरते, झाड डोक्यानं जड दिसलं तरी. पडत असेल तर खाली दोन दगड ठेव आणि कांड्या काठीला बांध. हलणाऱ्या झाडाला मुळं धरत नाहीत.

नर्सरीत निळंशार फॅलेनॉप्सिस पाहिलं. महाग आहे. घ्यावं का?
— एक वाचक, हडपसर

दांडीत रंग टोचलेला असतो. पुढच्या खेपेला पांढरी फुलं येतील. पांढरंच घ्या, स्वस्त पडेल. निसर्गात निळी छटा हवी तर ती व्हँडा सेरुलिया या ईशान्येकडच्या जातीत असते. जंगलातली ती कायद्यानं संरक्षित आहे, आणि घरात तिची उघडी लोंबती मुळं रोज भिजवायला माणूस लागतो. फ्लॅटमध्ये नको.

पावसाळ्यात ताम्हिणीला गेलो होतो. वाटेत एक फांदी पडलेली, तिच्यावर ऑर्किड. बहुधा सीतेची वेणी. उचलून आणलं, पाण्यात ठेवलंय. आता कशात लावू?
— एक वाचक, धनकवडी

आधी ते पाण्यातून काढा. मग तुम्हाला चार शब्द ऐकवते, राग मानू नका. अभयारण्याच्या हद्दीतून झाडपाला उचलायला कायद्यानं मनाई आहे, पडलेली फांदीसुद्धा तिथलीच. पुढच्या वेळी असं दिसलं तर तिथंच, जवळच्या खडबडीत सालीच्या झाडाला, जमिनीपासून वर, सुतळीनं बांधून या. सुतळी कुजेपर्यंत मुळं पकड घेतात.

हे एवढं जीव तोडून सांगते त्याला कारण आहे. आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, एका बोंडात धुळीसारखी हजारो बिया असतात, पण बीला स्वतःची शिदोरी नसते. ठरावीक बुरशी भेटली तरच ती रुजते. 1922 साली लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, म्हणून आज नर्सऱ्यांत बाटलीतली लाखो रोपं मिळतात. जंगलात ती सोय नाही. तिथलं एक मोठं झाड म्हणजे कित्येक पावसाळे. आणि सीतेची वेणी घरात आणून फुलेलच असं नाही, तिला वाहती हवा आणि खरा पाऊस लागतो. तीच आसामात कपौ फूल, तिथलं राज्यफूल, बिहूला मुली केसांत माळतात.

आता आणलंच आहे तर वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारा आणि ते सांगतील तसं करा. तोवर सावलीत ओल्या फडक्याजवळ टांगून ठेवा, कुंडीत लावू नका. विकत घ्यायचं असेल तर पत्ता सांगणारा आणि बिल देणारा नर्सरीवाला बघा. उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्ता नर्सऱ्यांनी भरलाय. 'डोंगरातून काढलंय' असं कौतुकानं सांगणाऱ्याकडून मात्र काही घेऊ नका.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे आणि पान चिकट लागतं.
— तीन पत्रं, पैकी दोन औंधची

पिठ्या ढेकूण. कानात घालायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपा, बेचक्यातलेसुद्धा आणि पानांच्या खालचेही. आठवड्यानं पुन्हा, त्यानंतर आणखी एकदा, कारण अंडी पहिल्या खेपेला मरत नाहीत. मुंग्या दिसल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. चिकट्यासाठी त्याच या ढेकणांना सांभाळतात. कुंडी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

नाताळच्या सुटीत दहा दिवस गावाला जाणार आहोत. ऑर्किडला पाणी कोण घालणार? शेजारच्या काकूंना चावी देऊ का?
— एक वाचक, कोथरूड

निघायच्या सकाळी भरपूर पाणी घाला, निथळू द्या, खिडकीपासून जरा आत सरकवा आणि निघा. डिसेंबरात दहा दिवस त्याला काही होत नाही. चावी जरूर द्या, पण पाणी घालू नका असं बजावून. त्यांना फक्त दुधाची पिशवी दाराला लटकत नाही ना, तेवढं बघायला सांगा.